चाकांना पाणी

५ फेब्रुवारी २००६, रविवार

माझ्या रांगोळीवर जीप उभी आहे. सकाळी सडा घातला, ठिपके काढले, आणि संध्याकाळी आमचे नातू दिग्विजयराव डोंगरातून आले ते थेट ठिपक्यांवर. मडगार्डमधून चिखलाची ढेकळं पडतायत, केसांत चिखल, कानात चिखल, आणि चेहरा असा की जणू सिंहगड घेऊन आलेत. "आजी, आज गाडी कंबरभर पाण्यात घातली!" म्हशीसुद्धा रोज जातात पाण्यात. घरी येऊन सांगत नाहीत.

हे आधी लिहून टाकलं. आता श्री लिहिते.

॥ श्री ॥

ही डायरी उत्कर्षाच्या कंपनीची. उत्कर्षा म्हणजे दिग्विजयची बायको. दर पानाच्या खाली इंग्रजीत काहीतरी शहाणपण छापलंय. मला ते वाचता येत नाही, त्यामुळे त्रास नाही. मी चौथी शिकलेली. लिहिते एवढ्यासाठी की या घरातली माणसं सकाळी बोललेलं संध्याकाळी नाकारतात. "आजी, मी असं म्हणालोच नव्हतो." आता पान उघडून दाखवीन.

दिग्विजय हिंजवडीला संगणकावर बसतो. आठवडाभर गार खोलीत खुर्चीवर, आणि रविवार आला की त्याच्यासारखेच दहाजण जिपा घेऊन डोंगरात जातात. रस्ता असला तर तो सोडतात. चिखल शोधतात, त्यात गाडी रुतवतात, मग दोरखंड लावून ओढतात, आणि निघाली की टाळ्या. याला क्लब म्हणतात. जीप लष्कराच्या लिलावातली, दिग्विजयपेक्षा वयाने मोठी. लष्कराने टाकली ती याने उचलली.

गाडी आली की चाकांना पाणी घालायचं, ते काम माझं. या घरात दुसऱ्या कोणाला ते सुचणारही नाही. माझे वडील धोंडिबा शनिवारवाड्यापाशी टांगा लावायचे. घरी आले की घोड्याला पाणी, मग चाकांना, मग स्वतःला. लाकडी चाक वाळलं की आकसतं आणि वरची लोखंडी धाव सुटून पडते, म्हणून भिजवायचं. सहाव्या वर्षापासून ते माझ्याकडे होतं. एकदा विसरले तर वडिलांनी मला जेवू दिलं नव्हतं, आणि बरोबर केलं.

आज चार बादल्या घातल्या. पुढच्या चाकांच्या आत एकेक लोखंडी थाळी आहे. चाकाच्या भोकांतून नेम धरून तिच्यापर्यंत पाणी पोचवलं की चर्र आवाज होतो आणि वाफ येते. टांग्याच्या चाकाला कधी वाफ आली नव्हती. हल्लीची चाकं जास्त तहानलेली.

९ फेब्रुवारी, गुरुवार

नासिर येऊन गेला. त्याचं गॅरेज आमच्या गल्लीच्या तोंडाशी. त्याचा बाप आमच्या ह्यांची स्कूटर दुरुस्त करायचा. आता क्लबच्या सगळ्या जिपा नासिरकडे. हात काळे, जीभ स्वच्छ. चहात साखर कमी पडली तरी बोलत नाही, एवढ्यावर मी त्याला माणसात धरते.

त्याला विचारलं, ती थाळी कसली रे? म्हणाला, "मावशी, ती डिस्क. चाकाबरोबर फिरते. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्हीकडून चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. मी दिग्विजयला म्हणालो होतो, जुन्या जिपेला जुने ड्रम ब्रेकच बरे. पण त्याने इंटरनेटवर वाचलं होतं."

म्हटलं, "मग तू कशाला बसवलीस?"

"गिऱ्हाईक आहे मावशी. बसवायची तर नीट बसवली. डिसेंबरात." कप ठेवता ठेवता म्हणाला, "त्याला एक सांगा. घाटातून आली की गाडी लगेच धुवायची नाही. तासभर थंड होऊ द्यायची."

मी म्हटलं, "धुतो कोण? तो तर सोमवारीसुद्धा धूत नाही. तू तुझं गॅरेज झाड आधी."

हसला आणि गेला.

धुणं वेगळं, चाकांना पाणी घालणं वेगळं. हे मी त्याला सांगत बसले नाही. त्याच्या घरात टांगा नव्हता.

१९ फेब्रुवारी, रविवार

दिग्विजयचा मागचा रविवार सर्दीमुळे चुकला होता, त्याची भरपाई आज केली. पहाटे गेला, सहा वाजता आला. कात्रजचा घाट उतरताना म्हणे पुढे ट्रकची रांग होती, सगळा घाट ब्रेकवर पाय ठेवून आला. गाडीला जळका वास. दिग्विजय म्हणतो, "ब्रेक गरम झाले की येतो." म्हटलं तुमच्या खाण्यालाही हल्ली असाच वास असतो.

पाच बादल्या. जमिनीखालच्या टाकीतलं पाणी, बर्फासारखं गार. चर्र चर्र झालं, वाफ माझ्या चष्म्यावर आली.

उत्कर्षा दारात उभी होती. म्हणाली, "आजी, ते खूप गरम असतं, त्यावर असं एकदम..."

मी म्हटलं, "भाजलं तर मला भाजेल. तू आत जाऊन तो डब्यातला पास्ता गरम कर."

गेली. ही मुलगी वाक्य पुरं करत नाही. कंपनीत हिला कोण ऐकत असेल देव जाणे.

६ मार्च, सोमवार

काल परत डोंगर, परत चिखल, परत चार बादल्या. आज सकाळी दिग्विजयने नासिरला फाटकाशी बोलावलं. तक्रार अशी की ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, हातात मिक्सर धरल्यासारखं.

नासिर वाकून बघायला लागला. मग म्हणाला, "दोन दिवस ठेव माझ्याकडे. चाकं काढून डिस्क बघतो. थरथर चांगली नाही."

"या आठवड्यात नाही जमणार. रविवारी मोठी राइड आहे."

"मग राइडला जाऊ नको."

"नासिरभाई, सगळे येणारेत. त्यानंतर देतो. प्रॉमिस."

"गाडी लगेच धुवत नाहीस ना?"

"छे! महिन्यात धुतलेली नाही, बघा की."

इथे मात्र तो खरं बोलला. गाडी इतकी घाण आहे की मला फाटक बंद ठेवावं लागतं.

हे सगळं मी लिहून ठेवते आहे. पुढे कोणी म्हणू नये की नासिरने सांगितलं नव्हतं.

१२ मार्च, रविवार

दुपारी फोन. वेल्ह्याकडे उतारावर जीप उलटली. दिग्विजयच्या कपाळाला चार टाके. शेजारी बसलेल्या दत्तप्रसादचा पाय मोडला.

आज चाकांना पाणी नाही. चाकं डोंगरात आहेत.

१३ मार्च, सोमवार

हॉस्पिटलात जाऊन आले. दत्तप्रसाद हा दिग्विजयच्याच कंपनीतला, गोरा, गोल, बटाट्यासारखा. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलंय, आत सळई घातली. सहा महिने चालायचं नाही. मला बघून म्हणाला, "आजी, लाडू आणले का?" आणले होते. हाड मोडलं तरी पोट शाबूत.

तिथेच सगळा क्लब जमला होता. कळलं ते असं. उतारावर दिग्विजयने ब्रेक दाबला, पुढच्या डाव्या चाकात फाडकन आवाज झाला, ती थाळी, डिस्क, तिचे तीन तुकडे झाले. डावं चाक सुटं फिरत राहिलं, उजवं धरलं गेलं, जीप गर्रकन वळली आणि बांधावरून कोलमडली.

आता कारण शोधायचं. या लोकांनी इंटरनेटवरून कागद छापून आणले होते, गठ्ठेच्या गठ्ठे. एक म्हणे डिस्क नकली होती. दुसरा म्हणे चाकाचे नट कमीजास्त आवळले की डिस्क वाकडी बसते. तिसरा म्हणे पॅड झिजून लोखंडाला लोखंड घासलं. चौथ्याने चिखल काढला, पाचव्याने वाळू. एकजण म्हणाला, "डिस्क पातळ झाली असेल," आणि दोन बोटं अशी दाखवली की पापड दाखवतोय. दहा जण, दहा कारणं, आणि प्रत्येक कारणाच्या शेवटी नासिर. नकली माल नासिरने आणला. नट नासिरने आवळले. पॅड नासिरने बघितले नाहीत. गाडी चिखलात घालणारे हे, पण चिखलसुद्धा नासिरच्या नावावर.

मी म्हटलं, "त्याने गाडी ठेव म्हणून सांगितलं होतं. सहा तारखेला. लिहिलंय माझ्याकडे."

दिग्विजय माझ्याकडे बघेना. खिडकीतून खाली रिक्षावाले मोजत होता.

१५ मार्च, बुधवार, धुळवड

गल्लीतली पोरं रंग घेऊन फिरत होती. नासिर तेवढ्यात आला, हातात गोणपाटाची गुंडाळी. अंगणात बसून त्याने ती सोडली. आत डिस्कचे तीन तुकडे.

दिग्विजय घरात होता, पण बाहेर आला नाही. डोकं दुखतंय म्हणाला. डोकं दुखणाऱ्याचा टीव्ही एवढा मोठा नसतो.

नासिरने मला एकेक तुकडा दाखवला. "माल अस्सल आहे, हा बघा छाप. जाडीही पुरेशी आहे. नट मी स्वतः आवळले होते. हा निळा रंग दिसतो का? हा तापून तापून आलेला. आणि हे बारीक केस दिसतात का, कडेपासून आत गेलेले? हे तडे. एका दिवसाचे नाहीत. महिना-दोन महिने वाढत गेलेत. म्हणून स्टिअरिंग थरथरत होतं."

म्हटलं, "तापली म्हणून तडकली?"

"नुसती तापून एवढी नाही तडकत मावशी. हे बीड आहे. तुमच्याकडे बिडाचा तवा असेल. लालभडक तापलेल्या तव्यावर कोणी गार पाणी ओतलं तर?"

"तडकेल. एवढं ज्या बाईला कळत नाही तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकू नये."

"तसंच. कोणीतरी हिला तापलेली असताना पाणी पाजलंय. एकदा नाही, परत परत."

म्हटलं, "नदीत घालतात की! कंबरभर पाण्यात घालतात आणि मला येऊन सांगतात. हेच ते कारण. अक्कल गहाण टाकलेली माणसं."

नासिर म्हणाला, "नदीत दोन्ही डिस्कवर सारखंच पाणी चढतं. सगळीकडून, एकदम. इथे उजव्या डिस्कला दोनच तडे आहेत आणि डावीला नऊ. म्हणजे पाणी एका बाजूने, वरून, नेमकं..."

आणि बोलता बोलता थांबला. तो माझ्यामागे बघत होता. मागे काय, बादली होती. आणि फरशीवर जीप उभी राहते तिथला तो ओला हिरवा पट्टा, डाव्या चाकाखालचा. तिकडून नळ जवळ पडतो, म्हणून मी तिकडून सुरुवात करते.

मी म्हटलं, "नेमकं काय?"

"काही नाही मावशी. नदीच असेल." तुकडे गुंडाळले आणि उठला. चहाही घेतला नाही.

हा मनुष्यही अर्धी वाक्यं बोलायला लागला. उत्कर्षाचा गुण लागला की काय सगळ्या गल्लीला.

१७ मार्च, शुक्रवार

दत्तप्रसादचे वडील यज्ञेश्वरराव वकील आहेत. ते पोलिसात तक्रार करणार. तक्रारीत नाव हवं. आणि क्लबने एक पत्र तयार केलंय, ते इंटरनेटवर टाकणार, म्हणजे पुण्यापासून कुठल्या कुठे सगळे जीपवाले वाचणार. पत्रात लिहिलंय की नासिरच्या निष्काळजी कामामुळे एकाचा जीव जाता जाता वाचला, त्याच्याकडे कोणी गाडी देऊ नये. गाडीचा मालक म्हणून खाली सही दिग्विजयची.

मी म्हटलं, "सही केलीस?"

"अजून नाही."

"करणार आहेस?"

"आजी, तुला कळत नाही. नासिरभाई नाही तर मी. गाडी मी चालवत होतो. यज्ञेश्वरकाका एकाचं नाव लिहिणारच."

"त्याने गाडी ठेव म्हटलं होतं."

"त्याचा पुरावा कुठाय?"

मी ही डायरी त्याच्या नाकापुढे धरली. त्याने वाचली नाही. दहा हजार मैलांवरच्या लोकांशी रोज बोलतो, आजीचं अक्षर याला वाचता येत नाही.

मग मी गॅरेजवर गेले. नासिरला म्हटलं, "तू तोंड का उघडत नाहीस? ते तडे सगळ्यांना दाखव. पाण्याने झालं म्हणून सांग."

जॅकखालून बाहेर न येता म्हणाला, "पाणी कोणी घातलं म्हणून विचारतील मावशी."

"विचारू देत! नदीत घालणारे समोरच बसलेत."

"राहू दे. मला काही सांगायचं नाही."

बाहेर चार जिपा होत्या, त्यातल्या दोन आज क्लबवाल्यांनी ओढून नेल्या. पुढ्यात ताट वाढलेलं असताना उपाशी मरणारी माणसं असतात, त्यातला हा. मला अशा माणसांची दया येत नाही. राग येतो.

१८ मार्च, शनिवार

सकाळी आबेदा आली. नासिरची बायको. कधी घरात येत नाही, फाटकाशीच बोलते. आज आत आली, खुर्चीवर बसली, पदर सारखा केला आणि सरळ विचारलं.

"मावशी, गाडी आल्यावर तुम्ही चाकांवर पाणी घालता का?"

"घालते. दर रविवारी. का?"

"गरम असताना?"

"आल्या आल्या. नंतर घालून काय उपयोग?"

ती उठली. म्हणाली, "ह्यांनी मला शपथ घातली होती, विचारायचं नाही म्हणून. मी विचारलं. माझी दोन मुलं कॉलेजात आहेत मावशी, उद्या पोलीस दारात आले तर ती कशी जातील? तुम्ही मोठ्या आहात. मी आणखी काही बोलत नाही."

आणि गेली.

मला संताप आला. सत्तर वर्षं मी चाकांना पाणी घालते आहे. माझ्या वडिलांच्या टांग्याची धाव एकदाही सुटली नाही. आणि ही काल आलेली बाई मला शिकवणार.

दुपारी उत्कर्षा ऑफिसला, दिग्विजय दत्तप्रसादकडे. मी फळीवरचा बिडाचा तवा काढला. चाळीस वर्षांचा, जड, मला आता एका हाताने उचलतही नाही. गॅसवर ठेवला, धूर निघेपर्यंत तापवला, मोरीत नेला आणि वर गार पाण्याचा तांब्या ओतला. चर्र. वाफ.

तवा शाबूत.

मी मोठ्याने हसले. घरात कोणी नव्हतं म्हणून बरं. आबेदाला बोलावून दाखवावा असं मनात आलं. पण मग वाटलं, एकदाच काय, खात्री करून घेऊ. दुसऱ्यांदा तापवला, ओतलं. शाबूत. तिसऱ्यांदा. शाबूत. चौथ्यांदा उजेडात धरून पाहिला तर कडेला एक केस दिसला. चष्मा पुसला. केस तिथेच. पदराने पुसला तरी गेला नाही.

सातव्यांदा टणकन आवाज झाला आणि तव्याचा कडेचा तुकडा मोरीत पडला.

मी तिथेच पाटावर बसले. गॅस चालू होता, तो पुष्कळ वेळाने बंद केला.

मग ही डायरी काढली. दिग्विजयला खोटं पाडायला लिहिलेली. पाच फेब्रुवारी, चार बादल्या, वाफ. एकोणीस फेब्रुवारी, पाच बादल्या, वाफ. पाच मार्च, चार. डिसेंबर-जानेवारीतले रविवार लिहिलेले नाहीत पण घातलेलं आहे, एकही चुकला नाही. अक्षर माझंच आहे. नाकारायला जागा ठेवलेली नाही.

नासिरने सांगितलं होतं, लगेच धुऊ नका. मी म्हटलं तू गॅरेज झाड. उत्कर्षा सांगत होती, मी तिला पास्ता गरम करायला पाठवलं. ती वाक्य पुरं करत नाही असं मी लिहिलंय. या घरात वाक्य पुरं करू देतो कोण?

जाऊ दे. बसून राहिल्याने पोराचा पाय जुळत नाही.

१९ मार्च, रविवार

आज सगळा क्लब आमच्या हॉलमध्ये. दत्तप्रसादला हट्टाने उचलून आणलं होतं, त्याचा पाय माझ्या चौरंगावर. यज्ञेश्वरराव सोफ्याच्या मधोमध, मांडीवर फाइल. नासिरला बोलावलं होतं, तो दाराशी उभा. त्याला कोणी बसही म्हणत नव्हतं. मी म्हटलं, "नासिर, खुर्चीवर बस. आणि तोंड उघडायचं नाही. आतापर्यंत उघडलं नाहीस, अजून अर्धा तास काढ."

मग तव्याचे दोन्ही तुकडे टीपॉयवर ठेवले. म्हटलं, हे मी काल केलं, आणि ते मी डिसेंबरपासून करत होते. डाव्या चाकाला जास्त, कारण नळ तिकडे आहे. दर रविवारी, तापलेल्या डिस्कवर, टाकीतलं गार पाणी. वाचा हवं तर. डायरी उघडून ठेवली.

मागून एकजण फिसकन हसला. मी त्याच्याकडे पाहिलं, तो बूट बघायला लागला.

दिग्विजय उठला. "आजी, तू आत जा."

"का?"

"तू काहीही बोलतेस. तू थोडीच... एखाद्या बादलीभर पाण्याने डिस्क तुटते का?"

नासिर खुर्चीतून म्हणाला, "तुटते."

"तुला गप्प बस म्हटलं होतं," मी म्हटलं. पण बोलला ते बरं झालं.

यज्ञेश्वररावांनी चष्मा काढला. "आजी, तुमच्या भावना मी समजतो..."

"भावना नाही सांगितल्या. बादल्या सांगितल्या."

"हो, पण तुम्ही म्हणता ते एक कारण. माझ्या मुलाचा पाय मोडला आहे. कोणालातरी जबाबदार धरावंच लागेल."

"मला धरा, म्हणतेच आहे मी. पण एकटीला नाही. थरथर सुरू झाली तेव्हा गाडी ठेव म्हणून सांगितलं होतं, याने ठेवली नाही." दिग्विजयकडे बोट केलं. "घाटभर ब्रेकवर पाय ठेवून येतो, ते त्याचं. पाणी माझं. नासिरचं काय, तेवढं दाखवा."

तेवढ्यात तो बटाटा बोलला. दत्तप्रसाद. "बाबा, पाय माझा मोडलाय आणि मला कोणी विचारतच नाही कोणाला धरायचं. मी उभा होतो जिपेत. फोटो काढत होतो. दिग्या ओरडला होता बस म्हणून. मी बसलो नाही."

"तू मध्ये बोलू नको," वडील म्हणाले.

"तेच सगळे सगळ्यांना सांगतायत," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. पाय मोडलेल्या माणसाने डोळा मारावा! संस्कार नाहीत.

मग क्लबवाले कोपऱ्यात जाऊन इंग्रजीत कुजबुजले आणि निर्णय घेऊन आले. पत्रातून नासिरचं नाव काढायचं. लिहायचं की डिस्क का तुटली ते निश्चित कळलं नाही. म्हणजे सगळ्यांची सुटका.

मी म्हटलं, "कळलं नाही? मी इथे उभी राहून सांगते आहे ना?"

"आजी, वयस्कर माणसाचं नाव लिहिणं बरं दिसत नाही," एकजण म्हणाला.

"आणि नासिरचं बरं दिसत होतं?"

ते परत इंग्रजीत शिरले. यज्ञेश्वरराव फाइल आवरत म्हणाले, "तक्रारीचा निर्णय माझा आहे. उद्या दहा वाजता फोन करतो. दिग्विजय, तू विचार करून ठेव कोणाचं नाव सांगायचं ते."

जाताना नासिर माझ्या पाया पडायला वाकला. म्हटलं, सरळ उभा राहा, कंबर दुखेल. मूर्ख माणूस. त्याने एक शब्द उच्चारला असता तर आठवडाभर आधी सुटला असता. एका म्हातारीला काय वाटेल म्हणून स्वतःचं दुकान बुडवायला निघालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

उत्कर्षाने जेवताना मला वाढलं, आणि म्हणाली, "आजी, मी तेव्हा म्हणत होते की..." आणि थांबली.

म्हटलं, "पुरं कर."

तिने पुरं केलं. अडीच मिनिटं बोलली. बरी बोलते.

२० मार्च, सोमवार

साडेनऊ झाले. दिग्विजय ऑफिसला गेलेला नाही. हॉलमध्ये फोनजवळ बसलाय, कपाळावरची पट्टी सोडवतो आणि परत लावतो. मघाशी माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "आजी, काही झालं तरी तुझं नाव मी घेणार नाही."

मोठा आला वाचवणारा. म्हटलं, "माझं नाव घेणार नाहीस, तुझं घ्यायचं धाडस नाही, मग उरलं कोण? तोच ना?"

गप्प बसला. दाढी केली नव्हती. लहानपणी पडला की असाच गप्प बसायचा, आणि मी विचारलं की मगच रडायचा. आज विचारलं नाही. अठ्ठावीस वर्षांचा घोडा झाला.

तवा घ्यायला हवा. नवीन बिडाचे तवे हलके असतात, लोक म्हणतात. बघू.

पावणेदहा. आता हे मोठ्या अक्षरात लिहून फोनखाली ठेवते, म्हणजे या घरात कोणी म्हणू नये की आजी असं म्हणालीच नव्हती:

यज्ञेश्वररावांचा फोन आला की कोणी उचलायचा नाही, मी उचलीन. पाण्याचं मी सांगीन, पूर्ण, पहिल्या बादलीपासून. माझं झालं की फोन दिग्विजयने घ्यायचा आणि थरथरीचं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. उत्कर्षाने त्याच्या वतीने बोलायचं नाही. पोलीस आले तर याच क्रमाने, आधी मी, मग दिग्विजय. नासिरला कोणी काही विचारायचं नाही.